मागच्या खुर्चीवर बस, पण जा

निपाणी

चि. उमेश यास,


फोनवर "हो मावशी, बघतो मावशी" म्हणून तू मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. माझं आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून गेलं, तेव्हा आधी औषधपाण्याचं सांगते.

सकाळी तुझे हात थरथरतात, थोडी दारू पोटात गेल्याशिवाय मायक्रोमीटर धरता येत नाही, असं सूनबाई सुमन म्हणाली. हात असे थरथरणाऱ्या माणसानं 'उद्यापासून बंद' म्हणून एकदम सोडू नये. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भास होतात, माणूस भलतंच बरळतो. काही जण त्यात दगावतातही. आधी सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखव आणि रोज किती घेतोस ते खरं सांग. निम्मं सांगायची सगळ्यांनाच सवय असते, डॉक्टरांनाही ती ठाऊक असते. आणि तुझ्या आईनं आमटीत कालवायला कुणाकडून पावडर आणलीय म्हणे, ती फेकून द्यायला सांग. असल्या पुड्यांत डायसल्फिराम असलं आणि त्यावर तू प्यायलास, तर रक्तदाब कोसळतो, जीवावर बेतू शकतं. ते औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला सांगून आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

औषधानं अंगातली दारू उतरेल. पण पगाराच्या संध्याकाळी उद्यमबागेतल्या कामावरून सुटल्यावर घराऐवजी पाय भलतीकडं वळतात, तिथं सोबत लागते. गेल्या आषाढीला माळ घालतो म्हणालास. जरूर घाल, माळेनं सुटलेले लोक मी पाहिलेत. पण पाय वळायच्या वेळी ज्याला फोन करता येईल असा माणूसही हवा, आणि तो तुझ्यासारखाच पिऊन सुटलेला हवा. आम्ही न पिणारे फक्त ओरडतो.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, सुरू झालं ते यातूनच. १९३५ साली बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याच्या कामाला अमेरिकेतल्या अॅक्रनला गेला होता. दारू सोडून काही महिनेच झाले होते. काम फिसकटलं, हॉटेलच्या बारमधली बडबड कानावर येत होती, पाय ओढत होते. त्यानं फोनाफोनी करून आणखी एक पिणारा गाठला, डॉक्टर बॉब स्मिथ. पाव तासाच्या बोलीवर आलेला डॉक्टर तासन् तास बसून राहिला. बिल त्याला सुधारायला गेला नव्हता, स्वतः प्यायचं टळावं म्हणून गेला होता. हे नीट वाच. तू बैठकीला गेलास तर तिथल्या जुन्या माणसांवर ओझं होत नाहीस. नवा माणूस समोर बसलेला असला की त्यांचाही तो दिवस निभावतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं. तिथंही कितीतरी समुपदेशक एकेकाळचे रुग्णच.

आपल्याकडं धर्मस्थळ संघाची दारूमुक्तीची शिबिरं होतात, आठ दिवसांची. नंतर भेटत राहायला नवजीवन समित्या असतात. सुमनच्या ओळखीतल्या बायका संघात असतील, त्यांना विचारू दे. कन्नड तुला माझ्यापेक्षा बरी येते, तरी गहाण टाकलेल्या मंगळसूत्राचं बोलताना जी भाषा तोंडात येते, तिच्यातली बैठक मिळाली तर पाहा. एएच्या बैठकीचा दिवस, वेळ, जागा बदलत असते, फोन करून मगच जा. दवाखान्यात विचार, नाहीतर १४४४६ लाव, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

तिथं काय होतं? खुर्च्या मांडलेल्या असतात, बहुधा चहा असतो. एकेक जण नुसतं नाव सांगून आपली हकीकत सांगतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, 'असं करायला हवं होतंस' म्हणत नाही. आपल्या घरात हे कुणालाच जमत नाही, मला तर मुळीच नाही. फी नाही, आडनाव नाही, सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी पिशवी फिरते, नव्यानं त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. पहिल्या दिवशी बोलू नकोस, मागच्या खुर्चीवर बस. निघताना एकाचा नंबर मात्र घे. पहिली बैठक बहुतेकांना रटाळ वाटते, म्हणून आणखी काही बैठकांना जाऊनच मत दे. मध्येच घसरलास तर लपून बसू नकोस, दुसऱ्याच दिवशी जाऊन सांग. तिथं त्याचं कुणाला नवल नसतं.

अनगोळात कुणी पाहील म्हणतोस. अरे, गल्लीतल्या पोरांनी तुला स्कूटरवर मध्ये बसवून घरी आणलंय. आता बघायचं काय शिल्लक आहे?

सेकंड शिफ्ट आड येत असेल तर सुपरवायझरकडं त्या दिवसापुरती बदलून माग. कारण सांगायची गरज नाही. मित्रांबरोबर चोर्ला घाटानं गोव्याला जाणं सध्या बंद. सुमनसाठीही घरच्यांचा वेगळा गट असतो, अल-अॅनॉन. तिला तुझ्यासाठी नव्हे, तिच्या स्वतःसाठी जाऊ दे.

तंबाखूचा विषय आत्ता काढत नाही. निपाणीत राहून तो काढायला मला तोंडही नाही.

तुझी
मावशी