पुतळीच्या शहरातील बाजार : व्हेनिसची काच आणि नावाची किंमत

आपल्याकडील जुन्या घराण्यांच्या दागिन्यांत पुतळ्यांची माळ हमखास सापडते. सराफ कट्ट्यावर तिचे नवे नमुने आजही घडतात. परंतु ही 'पुतळी' मूळची कुठली, असे विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल.

इटलीतील व्हेनिस शहराने १२८४ साली 'दुकात' नावाचे सोन्याचे नाणे पाडण्यास सुरुवात केली. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ निखळ. नाण्यावर शहराचा प्रमुख त्यांच्या संतापुढे गुडघे टेकून बसलेला दाखविलेला असे. मिरी-मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात हे नाणे अरब व्यापाऱ्यांच्या हातून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर येई. त्यावरील मनुष्याकृतींमुळे आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले आणि नाण्याची माळ झाली.

यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. १७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचे राज्य संपविले. तोपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, या नाण्याचे वजन आणि कस व्हेनिसने ढळू दिला नाही. त्यामुळे ज्याला इटालियन भाषेचे एक अक्षर येत नव्हते, असा आपला सराफही ते नाणे निर्धास्तपणे घेत असे. माल न बोलता विकला जात होता, कारण नाव खरे होते.

त्याच शहराच्या बाजारात आज दुकानदाराला आपला माल खरा आहे हे शपथेवर सांगावे लागते. असे का झाले, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

गिऱ्हाईक कोण?

व्हेनिस हे शंभरावर लहान बेटांवर वसलेले आणि चारशेहून अधिक पुलांनी जोडलेले शहर आहे. जुन्या शहरात मोटार नाही, स्कूटर नाही. पायी चालावे किंवा होडीने जावे. ही शांतता, पाण्यात उतरलेली सायंकाळ आणि जुने वाडे यांमुळे जगभरातील नवविवाहित जोडपी मधुचंद्रासाठी आणि जुनी जोडपी लग्नाचा वाढदिवस साजरा करण्यासाठी येथे येतात. आपल्याकडील सुखवस्तू घरांतील मुले-मुलीही आता जातात.

हे गिऱ्हाईक दुकानात शिरण्यापूर्वीच किती खर्च करून बसलेले असते, त्याचा साधा हिशेब पाहू. बोटीचा अठ्ठेचाळीस तासांचा पास माणशी ३५ युरो, म्हणजे दोघांचे ७० युरो. 'गोंडोला' या लांब काळ्या होडीचा दिवसाचा ठरलेला दर अर्ध्या तासाला ९० युरो. हा दर माणशी नसून होडीचा असतो, हे माहीत नसल्याने अनेकजण फसतात. एकूण १६० युरो झाले. हॉटेल आणि जेवणखाण वेगळे. सान मार्को चौकातील उपाहारगृहात वादक वाजवीत असतील तर कॉफीच्या बिलात संगीताचा आकारही लागतो. तीच कॉफी गल्लीतील दुकानात उभ्याने प्यायली तर बऱ्याच कमी पैशांत मिळते.

एवढा खर्च केलेले जोडपे दुकानात येते ते गरजेची वस्तू घ्यायला नव्हे. त्यांना या दोन दिवसांची आठवण घरी न्यायची असते. ती बॅगेत मावेल एवढी लहान हवी, आणि ती याच गावची हवी. 'याच गावची' या दोन शब्दांवर व्हेनिसचा सारा किरकोळ व्यापार उभा आहे.

मुरानोची भट्टी

या आठवणींत पहिला मान काचेचा. १२९१ साली व्हेनिसच्या राज्याने काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून जवळच्या मुरानो बेटावर नेण्याचा हुकूम काढला. लाकडी घरांच्या शहरात आगीचे भय होते. कारागीर एका जागी आल्यामुळे त्यांच्यावर आणि त्यांच्या हुन्नरावर नजर ठेवणेही सोपे झाले. काचेसाठी लागणारी क्षारयुक्त राख शाम, म्हणजे सीरियाच्या बाजूने जहाजातून येई. पुढे पंधराव्या शतकात आंजेलो बारोविएर या कारागिराने स्फटिकासारखी स्वच्छ काच तयार केली आणि मुरानोचे नाव युरोपभर झाले.

ज्या पूर्वेकडून राख येत होती, त्याच पूर्वेकडे माल परतही जाऊ लागला. १५६९ साली तुर्की सल्तनतीचे वजीर सोकोल्लू मेहमद पाशा यांच्यासाठी मुरानोकडे नऊशे दिव्यांची मागणी व्हेनिसच्या वकिलामार्फत नोंदविली गेली. मागणीबरोबर दिव्यांच्या आकाराचा नमुना काढून पाठविला होता. गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे आकार बदलून द्यायचा, परंतु मालाचा दर्जा आपलाच ठेवायचा, असा तो रोख व्यवहार होता.

काचेचे रहस्य बाहेर जाऊ नये म्हणून कारागिरांना राज्य सोडून जाण्याची मनाई होती. तरीही १६६५ च्या सुमारास फ्रान्सच्या मंत्र्याने जास्त पैसे देऊन मुरानोचे काही आरसे-कारागीर फोडले. पुढे व्हर्सायच्या राजवाड्यातील प्रसिद्ध आरसेमहाल फ्रान्समध्येच बनलेल्या आरशांनी सजला. कुलूप लावून हुन्नर टिकत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले. मुरानोजवळ मागे राहिले ते नाव.

आजही तेथे उस्ताद बाकड्यावर बसतो, पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर हजार अंशांहून अधिक तापलेला काचरस घेतो, आणि मदतनीस फुंकर घालीत असताना चिमट्याने घाट देतो. नंतर वस्तू अनेक तास हळूहळू थंड करावी लागते, घाई केली तर तडकते. भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. म्हणूनच २०२१-२२ मध्ये गॅसचे दर कडाडले तेव्हा अनेक भट्ट्या काही काळ विझवाव्या लागल्या.

नकली मालाचे दुखणे

गॅसच्या दरवाढीपेक्षा जुने आणि चिवट दुखणे नकली मालाचे आहे. बाहेर देशी यंत्रावर किंवा स्वस्त मजुरीवर बनलेली काच व्हेनिसच्या गल्ल्यांत मुरानोच्या नावाने विकली जाते. शेजारच्या बुरानो बेटाची सुईने विणलेली जाळीदार लेस हीही अशीच कळा सोसते आहे. एक लहान रुमाल विणायला बाईचे कित्येक दिवस जातात, आणि त्याच्या बाजूला यंत्रावरची लेस 'बुरानो' म्हणून टांगलेली असते. कार्निव्हलचे कागदी लगद्याचे मुखवटे घ्या. हाताने रंगविलेल्या मुखवट्याशेजारी प्लास्टिकचा साचेबंद मुखवटा असतो, आणि घाईतले गिऱ्हाईक दोहोंतील फरक न पाहता स्वस्त तो घेते.

यात गिऱ्हाईक एकदा फसते, कारागीर मात्र रोज मरतो. पाच युरोच्या पदकाला 'मुरानो' म्हणण्याची सवय झाली की चाळीस युरोचे खरे पदक गिऱ्हाइकाला लूट वाटू लागते. मग उस्तादाचा मुलगाही विचारतो, मी वीस वर्षे भट्टीपुढे भाजून घेऊन हे का शिकावे?

याला उपाय म्हणून १९९४ साली व्हेनेतो प्रांताच्या सरकारने कायदा करून मुरानोच्या कलात्मक काचेसाठी एक सामायिक व्यापारचिन्ह निर्माण केले. बेटावर बनलेल्या मालावरच ते लावता येते. स्वतंत्र भट्टीवाले, एकमेकांचे स्पर्धक असूनही, एका चिन्हाखाली आले. दोष एवढाच की चिन्ह घेणे ऐच्छिक आहे. सर्व खरे कारागीर त्यात नाहीत, त्यामुळे चिन्ह नसलेला प्रत्येक माल खोटा असे म्हणता येत नाही.

दुसरे दुखणे दलालीचे. "मुरानोची भट्टी दाखवतो, बोट फुकट," असे सांगून पाहुण्यांना ठरलेल्या दुकानात नेले जाते. त्या फुकट बोटीचे भाडे आणि दलाली मालाच्या किमतीत मिसळलेली असते. आपल्या पर्यटनस्थळांवरील रिक्षावाले आणि दुकानदार यांचे साटेलोटे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मुस्लिम व्यापाऱ्यांची वखार

या शहरात दलाली पूर्वीही होती, परंतु ती उघड आणि नियमाने बांधलेली होती. याची साक्ष देणारी एक इमारत मोठ्या कालव्याच्या काठी उभी आहे. १६२१ पासून १८३८ पर्यंत ती तुर्की सल्तनतीतील मुस्लिम व्यापाऱ्यांची वखार आणि मुक्काम होती. तिला 'फोन्दाको' म्हणत. हा शब्द अरबी 'फुंदुक'वरून आला. आत माल ठेवण्याची, राहण्याची, स्नानाची आणि नमाजाची सोय होती. रात्री दरवाजे बाहेरून बंद होत आणि शस्त्रे आत नेता येत नसत. सौदा सरकारमान्य दलालामार्फतच करावा लागे. त्या दलालाला इटालियन भाषेत 'सेन्साले' म्हणतात, तोही अरबी 'सिमसार'च. निर्बंध जाचक होते यात शंका नाही. परंतु धर्म वेगळा, भाषा वेगळी आणि अधूनमधून आपसांत युद्धे चालू असतानाही दोन्ही बाजूंचा व्यवहार दोन शतके टिकला, तो नोंद आणि मापात खोट नव्हती म्हणून. आज त्या इमारतीत निसर्गविज्ञानाचे संग्रहालय आहे.

गिऱ्हाईक वाढले, गाव रिकामे झाले

१९५१ साली व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ साली हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरे पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने देणे फायद्याचे झाले, भाडी वाढली, आणि किराणा, शिंपी, सुतार यांच्या जागी आठवणवस्तूंची दुकाने आली. सकाळी येऊन सायंकाळी जाणारी गर्दी आवरण्यासाठी नगरपालिकेने २०२४ साली २९ ठरावीक दिवशी पाच युरो प्रवेशशुल्क घेतले. पुढच्या वर्षी दिवस ५४ केले आणि उशिरा नोंदणी करणाऱ्यास दहा युरो लावले. मुक्कामी पाहुण्यांना हे शुल्क नाही.

गर्दी म्हणजे धंदा, हा समज येथे खोटा ठरला. रिआल्तो पुलाजवळच्या जुन्या जर्मन वखारीत २०१६ साली उंची वस्तूंचे भव्य विक्रीकेंद्र थाटले गेले होते, तेही २०२५ साली बंद झाले. दारावरून हजारो माणसे गेली म्हणून गल्ल्यात पैसे पडत नाहीत. दोन रात्री मुक्काम करणारे, सावकाश फिरणारे, भट्टीवर अर्धा तास उभे राहून पाहणारे एक जोडपे धावत्या शंभर माणसांपेक्षा कारागिराला अधिक उपयोगी पडते.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

ज्यांना जाण्याचा योग येईल त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) हाताने केलेल्या दोन वस्तू तंतोतंत सारख्या नसतात. रांगेने एकसारखा माल दिसला तर सावध व्हावे.

२) चिन्ह, भट्टीचे नाव आणि पावती मागावी. खरा दुकानदार विचारल्याचा राग मानीत नाही.

३) रस्त्यावर मोठ्या कंपन्यांच्या नावाच्या स्वस्त पिशव्या घेऊ नयेत. नकली माल विकत घेणाऱ्यालाही इटलीत हजारो युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.

४) युरोपीय संघाबाहेरील प्रवाशांना एका दुकानात ७० युरोंहून अधिक खरेदी केल्यास विक्रीकराचा काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठी दुकानातून कागद घ्यावा आणि युरोप सोडताना त्यावर सीमाशुल्क खात्याची नोंद करून घ्यावी.

आपण काय घ्यावे?

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील वाद्ये घडविणारी बहुतेक घराणी मुस्लिम आहेत. मुरानोला जे १९९४ साली करावे लागले, ते मिरजेने आता केले आहे. आनंदाची गोष्ट आहे. परंतु मुरानोचा अनुभव सांगतो की मानांकन म्हणजे केवळ दाराला लावलेली कडी. ती आतून काढून देणारा घरातलाच असतो. बाहेरचा माल आणून आपल्या गावच्या नावाने विकणारा पहिला दुकानदार बहुधा त्याच गल्लीतला निघतो. सीझनमध्ये त्याला चार पैसे जास्त मिळतात. त्याची किंमत गल्लीतील प्रत्येक कारागीर पुढची वीस वर्षे भरतो.

म्हणून ज्यांच्या हाती हुन्नर आहे त्यांनी तीन कामे करावीत. आपले काम गिऱ्हाइकासमोर उघडपणे करून दाखवावे, कारण पाहिलेल्या मेहनतीच्या दामाबद्दल फारशी घासाघीस होत नाही. मोठ्या मालाबरोबर प्रवाशाच्या बॅगेत मावेल अशी लहान वस्तूही ठेवावी, मात्र तीही खरीच असावी. आणि दुकानात बाहेरचा माल ठेवावाच लागला, तर तो बाहेरचा आहे असे स्पष्ट सांगून विकावा.

पुतळीच्या माळेतील जुने नाणे आजही सराफाच्या तराजूत टाकले तर त्याचा कस तोच भरतो. ते पाडणारे राज्य जाऊन सव्वादोनशे वर्षे झाली.