गळती पकडणारी पेटी आणि तिची परीक्षा



पुष्कळ घरांत मीटरजवळ एक पांढरी पेटी असते. तिच्यावर एक छोटे बटण असते व त्यावर इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असते. टी म्हणजे टेस्ट, म्हणजेच परीक्षा. आपली सहामाही असते, तशी या पेटीचीही परीक्षा असते. पण ती घ्यायची असते हेच पुष्कळांना ठाऊक नाही. वायरमनकाका या पेटीला ई.एल.सी.बी. म्हणतात. हल्लीच्या पेटीला आर.सी.सी.बी. असे नाव आहे. आपण तिला गळती पकडणारी पेटी म्हणू.

फ्यूज असताना ही पेटी कशाला?

वीज अँपिअरमध्ये मोजतात. एका अँपिअरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे १ मिलिअँपिअर. एवढी वीज अंगातून गेली तर नुसत्या मुंग्या येतात. १० च्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे श्वास कोंडू शकतो. १०० च्या आसपास वीज छातीतून गेली तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो.

आता गणित करा. ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलिअँपिअर. माणसाचा जीव जायला १०० पुरे, मग फ्यूज कसा वितळेल? फ्यूज तारांना जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवायला ही पेटी लागते. घरातली पेटी बहुधा ३० मिलिअँपिअरची असते. तो आकडा तिच्यावर लिहिलेला असतो.

पेटी काम कशी करते?

गुराखी सकाळी गुरे मोजून नेतो व संध्याकाळी मोजून आणतो. दहा गेली आणि नऊच आली, तर एक कुठेतरी वाट सोडून गेले असे त्याला लगेच कळते. पेटीचेही तसेच आहे. वीज एका तारेने घरात जाते व दुसऱ्या तारेने परत येते. या दोन्ही तारा पेटीत एका कडीतून ओवलेल्या असतात. जाणारी व येणारी वीज सारखी असेल तर कडीतील दोघींचे चुंबकत्व एकमेकांना पुसून टाकते. सगळे शांत राहते.

पण समजा, ओल्या पायांनी कोणी बिघडलेल्या कुलरला हात लावला. मग थोडी वीज त्याच्या अंगातून जमिनीत जाते व परत येणारी वीज कमी भरते. कडीत चुंबकत्व उरते. ते खटका ओढते आणि टक्कन लाईट बंद! ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पेटीने ०.३ सेकंदात पडावे असा नियम आहे. गळती पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. शॉक बसतो, पण जीव वाचतो.

परीक्षा का घ्यायची?

आमच्या आळीतल्या एका काकूंना पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या तारेचा शॉक बसला. हात सुटेना. मुलाने पळत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून काकू वाचल्या. त्यांच्या घरी पेटी होती. ती पडली का नाही, म्हणून वायरमनकाकांनी टी बटण दाबले. तरीही ती पडली नाही. बाहेरून अगदी नवी दिसत होती, पण बसवल्यापासून एकदाही कोणी ते बटण दाबले नव्हते. पडून राहिलेल्या विळ्याला गंज चढतो, तसा आतला खटका धुळीने व ओलीने जाम होतो.

टी बटण दाबले की पेटीत मुद्दाम थोडी खोटी गळती होते. चांगली पेटी लगेच पडते. न पडली तर ती नापास. मग ती बदलावीच लागते.

स्वतःच परीक्षा देणारी पेटी

अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील होते. माणसाला किती विजेने काय होते याचा त्यांनी अभ्यास केला व १९६१ साली ५ मिलिअँपिअरवर पडणारे यंत्र शोधले. तिकडे ते प्लगच्या बोर्डातच बसवतात. पण लोक बटण दाबायला विसरतात, ते तिकडेही! म्हणून जून २०१५ पासून तेथे नियम झाला, की नव्या यंत्राने आपली तपासणी आपणच करावी. बिघाड सापडला तर वीज देणे थांबवावे, नाहीतर दिवा लावून किंवा आवाज करून सांगावे. तरीसुद्धा महिन्यातून एकदा बटण दाबा असे तेथे सांगतात. कारण यंत्र स्वतःला तपासते तेव्हा आतला खटका प्रत्यक्ष पडत नाही. आपल्या घरच्या साध्या पेटीची परीक्षा तर आपल्यालाच घ्यायची आहे.

लक्षात ठेवा

१. बटण मोठ्या माणसाने दाबायचं. मुलांनी फक्त आठवण करायची. महिन्याचा एक दिवस ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा.

२. लाईट असतानाच दाबा. लोडशेडिंगमध्ये दाबले तर चांगली पेटीही पडत नाही, कारण खोटी गळती करायलाही वीज लागते.

३. पेटी पडली की खटका पुन्हा वर करा. तो वर राहतच नसेल तर कुठेतरी खरी गळती असू शकते. वायरमनला बोलवा.

४. पेटी सारखी पडते म्हणून काही लोक तिला सोडून तार डायरेक्ट जोडतात. असे कधीच करू नका. कुत्रा भुंकतो म्हणून आपण त्याला मारून टाकतो का?

५. पेटी असली तरी अर्थिंग पाहिजेच. टी बटणाने अर्थिंग तपासले जात नाही.

६. दोन्ही तारा एकदम दोन हातांत धरल्या तर पेटी वाचवेलच असे नाही. वीज एका हाताने जाऊन दुसऱ्या हाताने परत येते, म्हणून पेटीला गळती दिसत नाही.

७. कोणाला शॉक बसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.

सांगा पाहू

१. १०० मिलिअँपिअरने ५ अँपिअरचा फ्यूज का वितळत नाही?

२. लाईट नसताना टी बटण का दाबू नये?

३. तुमच्या घरी पेटी आहे का? तिचे बटण शेवटचे कधी दाबले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ते आज घरी गेल्यावर आईबाबांना विचारा.

— इयत्ता चौथी