अंगणातले पहिले धडे : बालकांची भावनिक जडणघडण

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्ही –
• भावनिक बुद्धिमत्तेचा अर्थ सांगू शकाल;
• बोर्डी व कोसबाड येथील बालशिक्षणाच्या प्रयोगांचे महत्त्व स्पष्ट करू शकाल;
• लहान मुलांच्या भावना समजून घेण्याचे सोपे मार्ग घरी व बालवाडीत वापरू शकाल.

प्रस्तावना

भिलाईतील कुरुद असो वा डहाणूजवळील एखादा पाडा, अंगणवाडीच्या दारातील सकाळचे दृश्य सर्वत्र सारखेच असते. तीन वर्षांचे मूल आईचा पदर घट्ट धरून रडत असते. आईला कामावर जाण्याची घाई असते. "रडू नकोस, नाहीतर पोलीस पकडून नेईल," असे कोणीतरी म्हणते. मूल गप्प होते. पण त्याची भीती जाते का? ती केवळ आत दडते. अशा वेळी मोठी माणसे कशी वागतात, यावर मुलाचे पुढील शिकणे बरेचसे अवलंबून असते.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे काय?

स्वतःच्या भावना ओळखणे, त्यांना योग्य वळण देणे आणि दुसऱ्याच्या भावना जाणून वागणे या क्षमतेला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ही संकल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या 1995 मधील पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली.

ही क्षमता उपदेशाने येत नाही. स्वतःला आवर घालण्याचे काम मेंदूच्या पुढील भागाकडे असते आणि त्याची वाढ विशीनंतरही काही वर्षे चालू राहते. म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलाने राग एकट्याने आवरावा, ही अपेक्षा अवाजवी ठरते. आधी मोठ्या माणसाने त्याला शांत करावे लागते. त्या अनुभवातूनच मूल हळूहळू स्वतःला शांत करण्यास शिकते.

कोसबाडच्या टेकडीवर

ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातील दोन स्त्रियांनी बालशिक्षणात मुलांच्या मनाला स्थान दिले होते. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉंटेसरी पद्धतीचे काम केले होते. 1945 मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या.

वंचित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष न देता शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. यातूनच 'अंगणवाडी' आकाराला आली. ओळखीच्या अंगणात, आपल्या माणसांच्या नजरेसमोर मुलाला परकेपणा कमी वाटतो, आणि निर्भय मनच शिकू शकते.

पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या परिसरात गेले. तेथे वेगळाच प्रश्न होता. आईबाप मजुरीला गेले की मोठ्या बहिणीला धाकट्या भावंडाला सांभाळावे लागे. ती शाळेत आली तर भावंडाचे काय? या प्रश्नाचे उत्तर 'विकासवाडी'ने दिले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आल्या. भावंडाची माया आणि शिक्षण यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ त्या मुलीवर आली नाही. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पाने व बिया वापरात आल्या. आपल्या परिसरातील वस्तूंना शाळेत मान मिळाला, की मुलालाही आपला मान वाटू लागतो.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला.

आपण काय करावे?

1. भावनेला नाव द्या. "आई गेली म्हणून तुला वाईट वाटतंय ना?" असे विचारल्यास मुलाला आपल्या दुःखासाठी शब्द मिळतो.
2. भावना स्वीकारा, चुकीचे वागणे थांबवा. "राग येऊ दे, पण मारायचं नाही," असे शांतपणे सांगा.
3. बागुलबुवाची भीती दाखवू नका. "मुलीसारखा रडतोस काय?" असे म्हणून मुलग्याला लाजवू नका.
4. खेळातून शिकवा. झोपाळ्यावर पाळी येईपर्यंत थांबणे हा संयमाचा, तर बाहुलीला थोपटणे हा मायेचा पाठ असतो.
5. दिलेला शब्द पाळा. न सांगता निघून जाण्यापेक्षा "जेवण झालं की मी येते," असे सांगून त्या वेळी या.

समारोप

पाटीवरची अक्षरे पुसून पुन्हा गिरवता येतात. बालपणी मनात बसलेली भीती इतक्या सहज पुसली जात नाही. ती घालवण्यासाठी मात्र भरपूर पैसा अथवा मोठी इमारत लागत नाही, हे बोर्डीच्या अंगणाने आणि कोसबाडच्या टेकडीने दाखवून दिले. मुलाचे ऐकून घेणारे एक मोठे माणूस रोज त्याच्याजवळ असणे, हीच या शिक्षणाची पहिली गरज आहे.

पाठावर आधारित प्रश्न

1. ताराबाईंनी शाळा अंगणात का नेली?
2. विकासवाडीमुळे मोठ्या बहिणीची कोणती अडचण दूर झाली?
3. 'भावना स्वीकारा, चुकीचे वागणे थांबवा' हे विधान स्वतःच्या अनुभवातील उदाहरणाने स्पष्ट करा.

उपक्रम : आपल्या घरातील किंवा शेजारच्या लहान मुलाचे एक दिवस निरीक्षण करा. ते केव्हा रडले, रागावले वा हसले आणि मोठ्यांनी काय केले, याची दहा ओळींत नोंद करा.