मीटरवरचे दोन पिवळे दिवे : मोड्यूल बदलण्यापूर्वी काय पाहावे?

धंद्यासाठी गाडी ठेवणारे आमचे व्यापारी व कारागीर बांधव आता पूर्वीसारखी साधी गाडी वापरीत नाहीत. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ए.बी.एस., म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा, सक्तीची झाली आहे. अनेक गाड्यांत तिच्या जोडीला ट्रॅक्शन कंट्रोलही येते. सोय वाढली तशी एक काळजीही वाढली. एखाद्या दिवशी मीटरवर ए.बी.एस.चा पिवळा दिवा पेटतो, शेजारी घसरत्या गाडीचे चित्र असलेला दुसरा दिवा पेटतो आणि मालक गोंधळतो. काही जण दिव्याकडे पाहणेच सोडून देतात. काही जण गॅरेजवाल्याने सांगितलेले महागडे मोड्यूल डोळे मिटून बसवून घेतात. पहिल्यात जिवाला धोका आहे, दुसऱ्यात खिशाला. दोन्ही टाळायचे तर या दिव्यांचा अर्थ समजून घेणे जरूर आहे.

आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. आडवा धागा तुटला की यंत्रमाग थांबतो. तेव्हा कोणी मागाची मोटार बदलीत नाही. आधी धोट्यातील कांडी पाहतात. गाडीलाही हाच कायदा लागू आहे. दिवा फक्त 'तक्रार आहे' एवढेच सांगतो. ती कोठे आहे हे आपल्याला शोधावे लागते.

यंत्रणा कशी चालते?

प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणारे दातेरी कडे, किंवा बेअरिंगमध्येच बसविलेले चुंबकीय कडे, पाहून तो चाकाचा वेग मोजतो. चारही वेग कंट्रोल मोड्यूलकडे जातात. जोराने ब्रेक दाबल्यावर एखादे चाक जाम होऊ लागले, तर मोड्यूल त्या चाकाचा ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा कमी-जास्त करते. त्यामुळे चाक फिरत राहते व स्टिअरिंग हातात राहते. अशा वेळी पायाखाली पेडल थरथरते. हा बिघाड नव्हे. पाय उचलू नये. ही यंत्रणा काही कालची नाही. बॉश कंपनीने ती १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आणली.

ट्रॅक्शन कंट्रोलचे काम याच्या उलट आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर चिखलात किंवा ओल्या रस्त्यावर एखादे चाक जागीच गरगरू लागले, तर ते इंजिनची ताकद कमी करते किंवा त्या चाकाला ब्रेक लावते. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की दोन्ही यंत्रणा त्याच चार सेन्सरांवर चालतात. म्हणून एक सेन्सर गेला की दोन्ही दिवे एकदम पेटतात. दोन दिवे म्हणजे दोन बिघाड नव्हेत.

दिव्यांची भाषा

१) चावी फिरवल्यावर दिवे पेटून काही सेकंदांत विझले, तर यंत्रणेने स्वतःची तपासणी केली आहे. सर्व ठीक आहे.

२) ट्रॅक्शनचा दिवा चालत्या गाडीत लुकलुकला, तर यंत्रणा काम करीत आहे. रस्ता निसरडा आहे, वेग कमी करावा.

३) ट्रॅक्शनचा दिवा 'ऑफ' या शब्दासह पेटून राहिला, तर आधी तिचे बटण चुकून दाबले गेले आहे काय ते पाहावे.

४) ए.बी.एस.चा पिवळा दिवा एकटा किंवा ट्रॅक्शनच्या दिव्यासह पेटून राहिला आणि पेडल नेहमीसारखे टणक असले, तर साधे ब्रेक चालतात. फक्त जादा संरक्षण बंद आहे. गाडी हळू व अंतर ठेवून गॅरेजपर्यंत नेता येते. मात्र पावसात वा घाटात जोराने ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊन गाडी घसरू शकते, हे विसरू नये.

५) पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर हँडब्रेक उतरवूनही तो जातो काय ते पाहावे. न गेल्यास गाडी बाजूला घेऊन थांबवावी. ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते, किंवा पुढच्या-मागच्या चाकांतील दाबाची वाटणी बंद पडलेली असू शकते. अशा वेळी मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. माल पोहोचविण्याची कितीही घाई असली तरी पुढे जाऊ नये.

शोध कसा घ्यावा?

नियम एकच : स्वस्त तपासणी आधी, महाग तपासणी नंतर.

पहिली पायरी : ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. ती कमी असेल तर नुसते ऑइल ओतून समाधान मानू नये. पॅड झिजल्यावर पातळी हळूहळू उतरते. पण एकदम उतरली तर गळती आहे.

दुसरी पायरी : बॅटरी व फ्यूज. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. बॅटरी कमजोर असली की मोड्यूल दिवा लावून मोकळे होते. ए.बी.एस.चे फ्यूजही एकापेक्षा जास्त असू शकतात, सर्व पाहावेत.

तिसरी पायरी : टायर. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर असला तर त्याचा वेग इतरांपेक्षा वेगळा दिसतो आणि मोड्यूल फसते. चारही टायरांचे माप व हवा तपासावी.

चौथी पायरी : मागचे ब्रेक लाईट. पेडल दाबल्यावर ते पेटत नसतील किंवा सतत पेटलेले राहत असतील, तर पेडलजवळचा स्विच संशयित आहे. हा भाग किरकोळ किमतीचा असतो, पण अनेक गाड्यांत तोही हे दिवे लावतो.

पाचवी पायरी : स्कॅनर. बाजारात मिळणारे बरेच स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात. ए.बी.एस. मोड्यूल वाचणारा स्कॅनर लावण्याचा आग्रह धरावा. हे कोड बहुधा 'सी' अक्षराने सुरू होतात. उदाहरणार्थ, अनेक गाड्यांत सी-००३५ हा कोड पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरकडे बोट दाखवतो. मात्र कोड जागा सांगतो, दोषी भाग सांगत नाही. तार तुटली तरी कोड सेन्सरच्याच नावाचा येतो. कोड पुसण्यापूर्वी तो कागदावर लिहून घ्यावा. एकाने गाडी सावकाश चालवावी आणि दुसऱ्याने स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहावेत. तीन चाके ताशी २० किलोमीटर दाखवीत असताना चौथे शून्य दाखवीत असेल, तर चोर सापडला.

सहावी पायरी : ते चाक उघडून पाहावे. स्टिअरिंगबरोबर वळणारी तार कोठे घासली आहे काय, कपलरमध्ये पाणी शिरून हिरवट गंज चढला आहे काय, सेन्सरच्या टोकाला चिखल वा लोखंडाचा चुरा चिकटला आहे काय, कड्याला तडा गेला आहे काय, बेअरिंगमध्ये खेळ आहे काय, हे सर्व पाहावे. जुन्या पद्धतीचा दोन तारांचा सेन्सर मल्टिमीटरवर बहुधा हजार ओहमच्या आसपास रोध दाखवतो. नव्या पद्धतीच्या सेन्सरला ही ओहमची तपासणी लागू पडत नाही. त्याला येणारा वीजपुरवठा व त्याचा सिग्नल तपासावा लागतो.

इतके होऊनही दोष सापडला नाही, तरच मोड्यूल किंवा पंप यांच्याकडे वळावे. इंजिनचा दिवाही सोबत पेटला असेल, तर आधी इंजिनचा दोष काढावा. इंजिनचे कॉम्प्युटर अडचणीत असले की ट्रॅक्शन कंट्रोल स्वतःहून बंद होते.

एक उदाहरण

आमच्या ओळखीच्या एका होजिअरी व्यापाऱ्याच्या गाडीचे पुढचे बेअरिंग बदलले आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही दिवे पेटले. एका गॅरेजने मोड्यूल गेल्याचे सांगितले. दुसऱ्या कारागिराने एकच प्रश्न विचारला, "दिवे लागण्यापूर्वी गाडीचे काय काम केले?" बेअरिंग उघडले तेव्हा ते उलटे बसविलेले निघाले. चुंबकीय कडे असलेली बाजू सेन्सरकडे हवी होती, ती दुसरीकडे गेली होती. मोड्यूल शाबूत होते. म्हणून हा प्रश्न प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावा.

जुनी गाडी घेताना

काही विक्रेते दिव्याचा बल्ब काढून किंवा कोड पुसून गाडी विकतात. याची परीक्षा सोपी आहे. चावी फिरवल्यावर ए.बी.एस.चा दिवा पेटलाच पाहिजे आणि नंतर विझला पाहिजे. तो पेटतच नसेल, तर काहीतरी झाकले आहे असे समजावे. पुसलेला कोड उघडा पडण्यासाठी गाडी काही किलोमीटर चालवून पाहावी. आपण विकणारे असलो तर आपली जबाबदारी आणखी मोठी आहे. थानातील ऐब लपवून विकला तर गिऱ्हाइकाचा सदरा खराब होतो. ब्रेकचा ऐब लपविला तर त्याच्या मुलाबाळांचा जीव जाऊ शकतो.

दिवा पेटला म्हणजे घाबरण्याचे कारण नाही, पण त्याला झाकण्याचेही नाही. कोणता दिवा, कधी पेटला, त्याआधी काय काम झाले आणि कोणता कोड आला, या चार गोष्टी लिहून घेऊन गॅरेजमध्ये जावे. हिशेब मांडून सौदा करणारा व्यापारी सहसा फसत नाही. गाडीच्या दुरुस्तीतही तीच सवय ठेवावी.