पॅनेलवरचा हिरवा दिवा

सोसायटीच्या बेसमेंटमधला पंप चालू आहे का, असं विचारलं की वॉचमन पॅनेलकडे बघून ‘हिरवा दिवा लागलाय, साहेब’ म्हणतो. आपल्याकडच्या बऱ्याच पॅनेलवर लाल दिवा म्हणजे पंप चालू आणि हिरवा म्हणजे बंद! पुण्यातल्या आमच्या सोसायटीत जुलैच्या एका रात्री तो हिरवा दिवा छान लागलेला होता आणि गाड्यांची चाकं पाण्याखाली जात होती.

चीड याची, की पंप बिघडलेलाच नव्हता. मे महिन्यात कंत्राटदाराच्या माणसांनी तो खड्ड्यातून वर काढून गाळ धुतला, पुन्हा खाली सोडला, पॅनेलवरचा खटका ‘मॅन्युअल’वर टाकून मोटर फिरवून दाखवली, खटका परत ‘ऑटो’वर केला आणि सही घेऊन गेले. मॅन्युअलवर फ्लोटचा, म्हणजे पाणी चढलं की वर उचलला जाऊन पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या स्विचचा, संबंधच येत नाही. पंप खाली सोडताना फ्लोटची वायर साखळीत अडकली होती. खड्डा भरून वाहू लागला तरी फ्लोट तळाशीच लोंबकळत राहिला. तो उचलला गेला नाही, म्हणून पंपही सुरू झाला नाही.

मग खटका मॅन्युअलवर का टाकला नाही? कारण पॅनेल बेसमेंटच्याच भिंतीवर, आणि तिथं पोहोचायचं तर गुडघाभर पाण्यातून. त्या पाण्यात करंट उतरलाय की नाही, कोण सांगणार? सेक्रेटरींनी तळमजल्यावरच्या मीटररूममधून बेसमेंटची लाइन बंद केली आणि कुणालाही खाली जाऊ दिलं नाही. गाड्यांपायी दोघंतिघं त्यांच्यावर ओरडले. मला विचाराल तर त्या रात्री शहाण्यासारखं झालेलं तेवढं एकच. दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमध्ये २७ जुलै २०२४ ला एका कोचिंग क्लासच्या बेसमेंटमधल्या लायब्ररीत पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी गेले. बेसमेंट भरायला लागलं की गाडी काढायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

सकाळी भाड्याच्या डिझेल पंपानं पाणी उपसलं. इलेक्ट्रिशियननं खड्ड्यात नुसतं डोकावून ‘मोटर गेली, रिवाइंडिंग’ असं जाहीर केलं. आम्ही आधी मेगर लावून इन्सुलेशन तपासायला लावलं. ते ठीक निघालं. फ्लोट सोडवून काठीनं वर उचलला, आणि पंप लगेच सुरू झाला.

तेव्हा पंप चालेना की रिवाइंडिंगचे पैसे काढण्याआधी लक्षणं बघा. मॅन्युअलवर चालतो, ऑटोवर नाही, तर दोष बहुतेक फ्लोटमध्ये किंवा त्याच्या वायरीत. दोन्हीवर मुका, तर एमसीबी, ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर. रिले रीसेट करूनही पुन्हा ट्रिप होत असेल तर बटण दाबत बसू नका. इम्पेलरमध्ये चिंधी नाहीतर कॅरीबॅग अडकलेली असू शकते. सिंगल फेजचा पंप नुसता घुं घुं करतो आणि फिरत नाही, तेव्हा आधी कंडेन्सर बघावा. पंप थांबल्यावर पाइपातलं पाणी धबाधबा खड्ड्यात परत येत असेल तर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गेला. सगळ्यात फसवा प्रकार थ्री फेजचा: रस्त्यावर केबलचं काम होतं, फेजची अदलाबदल होते आणि पंप उलटा फिरू लागतो. उलटा फिरतानाही तो थोडं पाणी फेकतोच, त्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. यातलं काही उघडायचं ते मेन बंद करून आणि जाणत्या माणसाकडून. पंप वर काढायचा तो साखळीनं; केबलला धरून ओढला की केबलच्या तोंडाशी फट पडते आणि पाणी मोटरीत जातं.

पण मे महिन्यातली चाचणी पाण्यानंच व्हायला हवी. खटका ऑटोवर ठेवा, खड्ड्यात नळी सोडा आणि पंप आपोआप सुरू होऊन आपोआप थांबतो का, ते उभं राहून बघा. पंप सुरू झाला की नळी बंद करा आणि घड्याळ लावा. खड्डा एक मीटर लांब-रुंद असेल तर ३० सेंटिमीटर पाणी उतरलं म्हणजे ३०० लिटर गेलं. त्याला दोन मिनिटं लागली तर पंपाची ताकद मिनिटाला १५० लिटर. आता उताराचा हिशेब करा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १२० चौरस मीटरच्या उघड्या रॅम्पवर तासाला ५० मिलिमीटर पडला तर मिनिटाला १०० लिटर खाली येणार. एवढ्यात भागतं, पण रस्त्याचं पाणीही रॅम्पवरून उतरत असेल तर मुळीच नाही. आणि पंपानं बाहेर टाकलेलं पाणी चेंबर तुंबून त्याच रॅम्पवरून परत येत असेल, तर पंप रात्रभर तेच पाणी फिरवत बसतो.

पॅनेल आम्ही तळमजल्यावर हलवलं, पंपाची लाइन जनरेटरवर घेतली, आणि वेगळ्या फ्लोटचा दुसरा पंप बसवला. कंत्राटदाराचं म्हणणं होतं की सर्व्हिसिंग पंपाचं ठरलं होतं, फ्लोटचं नाही. कागद काढून बघितला तर तसंच लिहिलेलं. नव्या करारात फ्लोट, एनआरव्ही आणि पॅनेल तिन्ही आलेत, आणि ऑटोवर पाणी सोडून चाचणी झाल्याशिवाय सेक्रेटरी सही करत नाहीत.