तारकामासाठी स्टेनलेस पोलादाची बारीक तार कशी निवडावी
(हस्तकला : इयत्ता ५ वी ते ७ वी)

मातीकाम व कागदकाम यांच्या मानाने तारकाम आपल्या शाळांत फार थोडे होते. पहिल्याच खरेदीत तार चुकते आणि मग शिक्षकाचा व विद्यार्थ्यांचाही उत्साह मावळतो, हे त्याचे एक कारण होय. प्रस्तुत लेखकाने तालुक्याच्या गावाहून एकदा चकचकीत व स्वस्त म्हणून पाऊण किलो तार आणली. वर्गात वेटोळ्याची गाठ सोडताच ते उसळून उलगडले आणि पुढच्या ओळीतील एका मुलाच्या भुवईवर ओरखडा उठला. डोळा एका बोटाच्या अंतराने वाचला. ती तार स्प्रिंगा करण्यासाठी ओढलेली होती. दुकानदाराचा त्यात दोष नव्हता. काय मागावे हे मागणाऱ्यालाच ठाऊक नव्हते.

म्हणून तारेची जाडी विचारण्यापूर्वी ती मऊ आहे की कडक, हे विचारावे. सोनार जंतराच्या छिद्रांतून तार ओढतो, तेव्हा ती दोन-तीन छिद्रांनंतर ताठ होते व तापवल्यावाचून पुढे ओढता येत नाही, हे आपण पाहिले असेल. पोलादाचेही तसेच आहे. ओढून तशीच ठेवलेली तार कडक राहते. ओढल्यानंतर भट्टीत तापवून निववलेली तार मऊ होते. लोखंडी तार कडक निघाली, तर चुलीत लाल करून ती मऊ करून घेता येते. स्टेनलेस पोलादाला मात्र सुमारे १०५० अंश सेंटिग्रेड उष्णता व त्यानंतर जलद निववणे आवश्यक असते. चुलीत ती केवळ काळवंडते. चुकलेली तार गावात सुधारता येत नाही, ती दुकानातच पारखावी लागते.

पारख सोपी आहे. वीतभर तुकडा मागून घ्यावा, पेन्सिलीभोवती दोन वेढे द्यावेत व सोडावेत. मऊ तार दिलेल्या आकारात जवळजवळ तशीच राहते; कडक तार उसळून उलगडते.

चुंबक चिकटला की स्टील खोटे, असा समज सर्वत्र आहे. तो तितकासा खरा नव्हे. तारकामास योग्य ती ३०४ क्रमांकाची जात, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले पोलाद. ते मऊ असता चुंबकाकडे ओढले जात नाही. पण तेच पोलाद ओढून कडक केले की थोडेफार ओढले जाते. उलट निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या हलक्या जातीही चुंबकाला दाद देत नाहीत, आणि गंजतात मात्र लवकर. त्यामुळे जातीची खात्री चुंबकावरून होत नाही. ती पावतीवर लिहून घ्यावी. समुद्रकाठच्या शाळांनी उघड्यावर टांगावयाच्या वस्तूंसाठी ३१६ क्रमांकाची तार मिळाल्यास घ्यावी. तीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती खाऱ्या हवेत अधिक टिकते. इतर कामांना तो खर्च नको.

आता जाडी. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे मुलांना प्रथम चमत्कारिक वाटते. त्यातही ब्रिटिश मापाची २४ नंबरची तार ०.५६ मिलिमीटर, तर अमेरिकी मापाची ०.५१ मिलिमीटर असते. म्हणून मागणी नेहमी मिलिमीटरमध्ये करावी. पोलाद तांब्याहून ताठ असल्याने, तांब्याची जी जाडी आपण घेतली असती तिच्याहून एक पायरी बारीक घ्यावी. मणी ओवणे व वेढे देणे यांसाठी ०.४५ मिलिमीटर, प्राण्यांचे सांगाडे किंवा चिपाडाच्या बैलगाडीचे आरे यांसाठी ०.५५ ते ०.७ मिलिमीटर पुरे. एक मिलिमीटरची तार या वयाच्या बोटांना वळत नाही.

जाडी मोजण्यास सूक्ष्ममापकाची गरज नाही. पेन्सिलीवर वीस वेढे एकमेकांस खेटून द्यावेत व पट्टीने मोजावेत. ते ११ मिलिमीटर भरले, तर तार ०.५५ मिलिमीटर जाडीची. सरासरी व दशांश अपूर्णांक यांचा पाठ येथेच उरकतो. ब्रिटिश मापाची २४ नंबरची १०० ग्रॅम तार सुमारे ५१ मीटर भरते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकास सव्वा मीटर मिळते. २६ नंबरची तेवढ्याच वजनात सुमारे ७७ मीटर भरते. सादिलाची रक्कम तुटपुंजी असते तेथे हा हिशेब मुलांकडूनच आधी करवून घ्यावा.

काम करताना एकाच जागी तार पुन्हा पुन्हा वाकवू देऊ नये. मऊ तारही तेथे कडक होऊन तुटते. आकार आधी पाटीवर काढावा व मगच तारेस हात घालावा. तोडताना सुटे टोक दुसऱ्या हाताने धरून ठेवावे, अन्यथा ते उडते. तयार वस्तूचे प्रत्येक टोक पकडीने वळवून दाबावे. कानात घालावयाची भूषणे करवून घेऊ नयेत, कारण निकेल काहींच्या त्वचेस सोसत नाही.

तोडलेले बारीक तुकडे बसकरपट्टीत रुततात व अनवाणी पायांत शिरतात. लोखंडी तुकड्यांप्रमाणे ते चुंबकाने भरवशाने उचलता येत नाहीत. म्हणून तोडण्याचे काम परातीवर करवावे, आणि परात रिकामी करणे शिक्षकाने स्वतःकडे ठेवावे.