खेळातून इंग्रजी शब्दांची ओळख



मराठी शाळेतील मुलांना इंग्रजी शब्द पाठ होत नाहीत, अशी तक्रार फारशी ऐकू येत नाही. पाठ झालेला शब्द वेळेवर उपयोगी पडत नाही, ही खरी अडचण आहे. 'विंडो म्हणजे खिडकी' असे वहीत दहा वेळा लिहिणारा मुलगा, कोणी ''ओपन द विंडो'' म्हणताच जागच्या जागी उभा राहतो. तो शब्द त्याच्या डोळ्यांना व बोटांना ठाऊक असतो. कानाला आणि जिभेला मात्र तो परकाच राहिलेला असतो.

ह्या गप्प राहण्याचा अर्थ घरी निराळाच लावला जातो. मराठी माध्यमामुळेच मूल मागे पडले असे ठरते, आणि धाकट्या भावंडाचे नाव दुसऱ्या शाळेत घातले जाते. वस्तुतः दोष माध्यमाचा नसून शिकण्याच्या रीतीचा असतो. बेळगाव, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी मूल घरी मराठी बोलते आणि बाजारात कन्नड, गुजराती वा तेलुगू. ही दुसरी भाषा ते कोठे शिकले? शब्दांच्या याद्या करून नव्हे. ऐकून, वस्तू हाताळून आणि सवंगड्यांबरोबर खेळून. मग इंग्रजीचे शब्दही त्याच वाटेने का शिकू नयेत?

हा विचार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स्वा ग्वँ नावाचे एक फ्रेंच शिक्षक जर्मन भाषा शिकण्यासाठी हँबुर्गला गेले. त्यांनी जर्मन व्याकरण आणि २४८ अनियमित क्रियापदे मुखोद्गत केली. परंतु व्याख्यानास जाऊन बसले तेव्हा त्यांना एक शब्दही कळेना. पुढे शब्दकोश पाठ करूनही तीच गत झाली. निराश होऊन ते घरी परतले, तो त्यांचा तीन वर्षांचा लहानगा भाचा तेवढ्या अवधीत भडाभडा बोलू लागला होता. हा मुलगा पिठाची गिरणी पाहून आला आणि घरी त्याने वाळूच्या लहान पिशव्या भरून गिरणीचा खेळ मांडला. एकेक कृती करीत तो ती शब्दांत सांगत होता. कृतींच्या क्रमाबरोबर भाषा मनात ठसते, हे ग्वँ ह्यांच्या ध्यानी आले, आणि ह्या तत्त्वावरील आपला ग्रंथ त्यांनी १८८० साली प्रसिद्ध केला.

१९२२ साली जपानात गेलेले इंग्रज भाषाशिक्षक हॅरल्ड पामर ह्यांनी 'कृतींद्वारे इंग्रजी' ह्या अर्थाच्या नावाचे पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सॅन होजे येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ॲशर ह्यांनी ही रीत प्रयोगांनी तपासली. शिकणाऱ्याने प्रथम आज्ञा ऐकावी आणि शरीराने ती पाळावी. बोलण्याची घाई त्याला करू नये, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. तान्हे मूल बोलू लागण्यापूर्वी कित्येक महिने नुसते ऐकते आणि समजते, हाच ह्या सूत्राचा आधार.

आता प्रत्यक्ष खेळांकडे वळू. ह्यांना खर्च नाही, मोठे पटांगण नको, आणि बहुतेक खेळ तर आपल्या ओळखीचेच आहेत.

पहिला खेळ 'शिवाजी म्हणतो'. आपली मुले हा खेळ पूर्वीपासून खेळत आली आहेत. त्यातील आज्ञा तेवढ्या इंग्रजीत द्याव्या. ''शिवाजी म्हणतो, टच युवर नोज,'' असे ऐकताच सर्वांनी नाकाला हात लावावा. 'शिवाजी म्हणतो' हे शब्द नसतील तर स्वस्थ राहावे. प्रारंभी शरीराचे अवयव घ्यावे, नंतर वर्गातील वस्तू, आणि त्यानंतर 'ऑन', 'अंडर', 'बिहाइंड' असे शब्द. ''पुट द बुक अंडर द बेंच'' ही आज्ञा पाळणाऱ्याला 'अंडर' शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही; वाकलेल्या पाठीला तो समजलेला असतो. एका वेळी सहा-सात नवे शब्द पुरेत.

दुसरा खेळ 'किमचा खेळ'. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग ह्यांच्या १९०१ सालच्या 'किम' ह्या कादंबरीत, सिमल्याच्या एका दुकानात किमला थाळीतील रत्ने क्षणभर पाहून ती आठवण्याचा सराव दिला जातो. बेडन-पॉवेल ह्यांनी हा खेळ बालवीरांच्या शिक्षणात आणला. वर्गात मेजावर चावी, चमचा, दोरा, पान, नाणे, खडू अशा दहा-बारा वस्तू मांडाव्या, त्यांची इंग्रजी नावे एकदा मोठ्याने घ्यावी आणि एक मिनिटाने वर रुमाल टाकावा. मग प्रत्येक रांगेने आठवतील तितकी नावे सांगावी. पुढच्या फेरीत एक वस्तू गुपचूप काढून घ्यावी आणि कोणती गेली ते विचारावे. वस्तू डोळ्यांपुढे नसताना तिचे नाव आठवण्याचा जो प्रयत्न मनाला करावा लागतो, त्यानेच शब्द पक्का होतो.

तिसरा खेळ 'दोन भिंती'. हा कानासाठी आहे. मराठी बोलताना ऱ्हस्व आणि दीर्घ इकाराच्या उच्चारातील भेदाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. इंग्रजीत मात्र 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. उजव्या भिंतीवर जहाजाचे चित्र लावावे, डाव्या भिंतीवर मेंढीचे. शिक्षक शब्द उच्चारतील त्याप्रमाणे मुलांनी त्या त्या भिंतीकडे जावे. 'पेन' आणि 'पॅन', 'बॅट' आणि 'बट' अशा जोड्यांनीही हा खेळ खेळता येतो. जो भेद कानाला कळत नाही तो जिभेला साधत नाही. म्हणून ऐकणे आधी.

चौथा खेळ 'मामाचे पत्र हरवले'. मुले गोल बसतात आणि पत्र घेऊन धावणारा ते कोणाच्या तरी मागे ठेवतो, हे सर्वांना ठाऊक आहेच. पत्राच्या जागी चित्र काढलेली चिठ्ठी घ्यावी. ज्याच्या मागे ती सापडेल त्याने धावण्यापूर्वी चित्राचे इंग्रजी नाव घ्यावे आणि मोठ्या वर्गात त्या शब्दाचे एक वाक्य करावे.

पाचवा खेळ भेंड्यांचा. इंग्रजी शब्दांच्या भेंड्या लावताना एक गंमत लक्षात येते. 'टेबल' हा शब्द कानाला 'ल'ने संपतो. लिहिताना मात्र त्याच्या अखेरीस 'ई' हे अक्षर येते. म्हणून एके दिवशी अखेरच्या ध्वनीवरून आणि दुसऱ्या दिवशी अखेरच्या अक्षरावरून भेंड्या लावाव्या. इंग्रजीत उच्चार आणि लेखन ह्यांची फारकत कशी आहे, हे न सांगता उमगते.

हे खेळ घेताना काही पथ्ये पाळावी. चुकणाऱ्याला 'बाद' करून कोपऱ्यात बसवू नये. ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज तोच अशाने सरावाला मुकतो. त्याऐवजी रांगांना गुण द्यावे आणि चुकलेल्याला पुढच्या फेरीत पुन्हा संधी द्यावी. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात सर्वांनी एकदम उठू नये; एका रांगेने कृती करावी आणि इतरांनी ती बरोबर आहे की नाही ते पाहावे. खेळ दहा मिनिटांचाच असावा आणि रंगात आला असतानाच थांबवावा. त्यानंतर तेच शब्द वहीत लिहून घ्यावे, कारण खेळ लेखनाची जागा घेऊ शकत नाही. आज खेळलेले शब्द उद्या, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा खेळात आणावे. एकदाच भेटलेला पाहुणा ओळखीचा होत नाही. आणि एखाद्या शब्दाचा अर्थ कृतीने किंवा चित्राने कळेना, तर तो एका मराठी शब्दात खुशाल सांगावा. मातृभाषेचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

आता पालकांसाठी दोन शब्द. ''आम्हांला इंग्रजी येत नाही, मग मुलाला काय शिकविणार?'' असे अनेक माता म्हणतात. त्यांनी शिकविण्याची गरजच नाही. मुलाला शिक्षक होऊ द्यावे. संध्याकाळी भाजी निवडताना मुलाने इंग्रजीत आज्ञा द्यावी आणि आईने, आजीने, धाकट्या बहिणीने ती पाळावी. दुसऱ्याला शिकविताना स्वतःचे ज्ञान पक्के होते. शिवाय आपल्या बोलीत बस, स्टेशन, कप, पेन, डॉक्टर असे कितीतरी इंग्रजी शब्द आधीच नांदत आहेत. त्यांची यादी मुलांबरोबर करून पाहा. मात्र सावध असा! चावी, पगार, बटाटा हे शब्द इंग्रजी नसून पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले आहेत. असे परके शब्द मराठीने आपलेसे केले आणि तरीही ती मराठीच राहिली, हे मुलांना ह्या शोधातून आपोआप कळेल.

इंग्रजी चांगले यावे म्हणून मराठी सोडावी लागते, ही समजूत आपल्या शाळांना आतून पोखरीत आहे. तिला वादाने उत्तर देऊन फारसे साधणार नाही. आपल्या शाळेतील मुलगी परक्या पाहुण्याच्या प्रश्नाला न अडखळता इंग्रजीत उत्तर देईल आणि घरी येऊन तीच हकिगत शुद्ध मराठीत सांगेल, तेव्हा ते उत्तर आपोआप मिळेल. त्यासाठी रोजची दहा मिनिटे, थोडा गलबला आणि एक रुमाल एवढेच भांडवल लागते. विद्यार्थिमित्रहो, उद्याच्या मधल्या सुट्टीत सुरुवात करा. पहिली आज्ञा द्यायला कोणीतरी एकाने पुढे व्हावे.